शेवटची पळी

टिंग! पळी माझ्या काठावर आदळली आणि माजघरातली शांतता मोडली. महालयाची अमावास्या होती. सुंदरेश बापाचं, आज्याचं नाव घेऊन थांबला होता. पुढचं नाव ओठांवर आलं होतं, पण बाहेर पडेना.

मित्रांनो, मी एक जुनं तांब्याचं पंचपात्र आहे. माझ्यातलं पाणी पळीनं हातावर घेतात आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन सोडतात. कुंभकोणच्या तांबटानं मला ठोकून घडवलं. मेलकावेरीच्या या घरात मला आणलं ते सुंदरेशच्या काकानं, जानकीरामानं.

फार अबोल माणूस. भाऊ अकाली गेला, तेव्हा त्याचं रांगतं पोर यानं मांडीवर घेतलं. मुलगी सांगून आली की म्हणायचा, "सुंदरेशची मुंज होऊ दे." मग म्हणायचा, "परीक्षा होऊ दे." वहिनी, म्हणजे अंबाबाई, चिडवायच्या, "भावजी, आता त्याच्याच मांडवात तुमचंही उरकून टाकू!" तो हसायचा आणि चिंच घेऊन मला घासत बसायचा.

अमावास्येला मात्र त्याला कंठ फुटे. घरची नावं संपली की शेजारची निपुत्रिक अलमेलु, कावेरीत बुडालेला नावाडी रामलिंग, जटकागाडीचा म्हातारा घोडासुद्धा! आणि शेवटची पळी, ज्यांचं कुणी नाही त्यांना.

तो गेला आणि कोनाड्यात माझ्यावर हिरवा कळंक चढला. त्याच वर्षी सुंदरेशचं दुसरं मूल दगावलं. आता पाळण्यात पुन्हा तान्हं आहे. म्हणून सकाळीच अंबाबाई म्हणाल्या, "भावजींचं नाव घेऊ नको रे. लग्नावाचून गेलेलं माणूस, जीव घरात अडकलेला. हाक मारलीस तर येतील."

"आई, काकाच ते! आले तर काय करतील?"

"मला काय ते नकोत? पण पाळण्याकडे बघ आधी."

सुंदरेशनं पाळण्याकडे पाहिलं आणि नाव गिळलं. शेवटची पळी तेवढी सोडली.

मित्रांनो, मला घासा, न घासा. काळं पडलं तरी तांबं पाणी धरतं. पण ज्यानं तुम्हाला वाढवलं, त्याचं नाव भीतीपोटी गिळू नका. ते माझ्या तळाशी बसून राहतं आणि कुठल्याच चिंचेनं निघत नाही.

दुपारी सुंदरेशची बायको, सीतालक्ष्मी, मला घासायला परसात बसली. तिची थोरली मुलगी गोमती जवळ येऊन उकिडवी बसली.

"आई, अप्पांनी काकाआजाचं नाव नाही घेतलं."

"घेतलं की गं. शेवटची पळी सोडली ना, ज्यांचं कुणी नाही त्यांना? त्यातच आले काकाआजा."

गोमतीनं चिमूटभर चिंच घेतली आणि पळी घासू लागली.

"मग आपण त्यांचे कुणी नव्हतो का?"

सीतालक्ष्मीचा हात चिंचेसकट माझ्या काठावर थांबला.