साकवाचा शब्द

वडगावच्या तालुका बोर्डात ओढ्यावरचा साकव मंजूर झाला, तेव्हा महिपती आबा स्वतः ठाकरवाडीवर चढून गेले होते. ते बोर्डाचे मेंबर, आणि वाडी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. "येसू, पावसाच्या आधी पक्का साकव होतोय बघ," त्यांनी सांगितलं. येसू वाडीचा म्होरक्या. तो हात जोडून म्हणाला, "तुमी बोलला, म्हंजी झालाच."

आणि इथंच वाडी फसली. दर वैशाखात ओढ्यावर जांभळीचे ओंडके टाकायची तिथली रीत; पावसाळाभर गावाकडं यायची तेवढीच वाट. यंदा कुणी कुऱ्हाडच उचलली नाही. आबांचा शब्द होता ना!

इकडे बोर्डाच्या पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी हळूच विषय काढला. मुंबईच्या एका शेटजींना मळवलीच्या बंगल्यापर्यंत खडीचा रस्ता हवा होता. साकवाचा पैसा तिकडं वळवला, तर आबांना उपाध्यक्ष करायला कुणाची ना नव्हती. आबांनी हात वर केला. साकव काय, पुढच्या साली होईल! वाडीला हे सांगायला मात्र त्यांची जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू करत आषाढ सरला.

श्रावणात ओढा दुथडी भरलेला असताना येसूच्या लेकीला, चिंगीला कळा सुरू झाल्या. मूल आडवं आलेलं. सुईण अंबूबाई गावात, म्हणजे अलीकडं. पलीकडून येसूच्या हाका ऐकून आबा तिला घेऊन काठावर धावले. म्हातारी पदर खोचून पाण्यात शिरली, तर गड्यांनीच ओढून बाहेर काढली. "दोर टाका रं कुनीतरी!" आबा ओरडत होते. दोरही वाहून गेला. दिवस मावळताना पलीकडं बायकांचा आकांत उठला. चिंगी गेली, पोटातलंही गेलं. बैठकीत वर गेलेला हात तेव्हाच का झडला नाही, असं आबांना झालं.

पुढच्याच बैठकीत त्यांनी साकव पुन्हा मांडला. चहा यायच्या आत मंजूर! एवढं सोपं होतं ते, आणि त्यानंच त्यांच्या काळजाला घरं पडली.

पाणी ओसरल्यावर ते वाडीवर गेले. येसूनं घोंगडी अंथरली, त्याच्या बायकोनं, सावित्राबाईनं पाण्याचा तांब्या ठेवला.

"साकव मंजूर झालाय, येसू. या बारीला खरंच."

"बरं झालं, आबा," येसू म्हणाला. मग दारातल्या गड्यांकडं वळला. "तरीबी वैशाखात ओंडकं टाकायचं, बरं का रं."