बरगड्यांवर बांधलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना लोकरी पट्टा आहे. पेरू देशातल्या पुनो शहराजवळच्या डोंगरात युफ्रासियाआजीने मला विणलं, तेव्हा ती स्वतःच नवी नवरी होती. बाळंतिणीचं पोट बांधायचं, हे माझं काम. वस्तीतल्या बाया मला मागून नेत आणि कौतुक करून परत देत. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

मग आजीची लेक नेलिदा आजारी पडली. मेंढ्या-कुत्र्यांत राहणाऱ्यांना होते तशी पाण्याने भरलेली गाठ तिच्या फुप्फुसात झाली होती. शहरातल्या इस्पितळात छातीला तीन बारीक भोकं पाडून डॉक्टरांनी ती काढली. तिसऱ्या दिवशी आजी मला परकराखाली गुंडाळून भेटायला आली.

"एवढ्याशा भोकांना कण्हतेस? तुझ्या वेळी तिसऱ्या दिवशी मी बटाटे काढत होते!"

"आई, खोकलं की बरगडी मोडतेय असं वाटतं गं."

"मग हलूच देऊ नको तिला. थांब, बांधते."

तिने मला छातीभोवती करकचून आवळलं. नेलिदाला जरा बरं वाटलं. सिस्टर रोसाउराने दुखण्यावर दिलेल्या गोळ्या तिने गुपचूप उशीखाली सरकवल्या.

पण आतलं मला कळत होतं. तिचा श्वास तोकडा होत चालला. खोकला अडला, कफ आत घुरघुरू लागला. संध्याकाळी अंग तापलं, ओठ निळे पडले. मित्रांनो, मी फार घाबरलो. मला आवळता येतं, स्वतःहून सुटता येत नाही.

रोसाउराने पांघरूण ओढलं आणि ती ओरडलीच, "अहो आजी, हे काय केलंत! गळाच तेवढा आवळायचा ठेवलात!"

तिने मला सोडलं, नेलिदाला प्राणवायू लावला, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. मग माझी घडी करून म्हणाली, "हा छातीशी धर आणि खोक. दुखायच्या आधी गोळी घ्यायची, म्हणजे खोकता येतं."

नेलिदा रडत रडत खोकली. आजीने रोसाउराकडे वळून विचारलं, "मीच केलं का गं हे?"

"माया खरी होती आजी, जागा चुकली."

ताप उतरायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी भीतीने अर्धा झालो.

मित्रांनो, जखम लहान म्हणून दुखणं लहान समजू नका. दुखत असेल तर सांगा, गोळी लपवू नका, श्वास पोटभर घ्या. आमच्याकडे माणसाला त्याच्या पट्ट्यासकट पुरतात. रोसाउराला त्या संध्याकाळी उशीर झाला असता, तर मी आज नेलिदाच्या छातीवर तसाच बांधलेला, मातीखाली असतो.