शिक्क्याशिवाय बारा दिवस

माणसाने रिटायर व्हावं, पण अक्कल रिटायर करू नये. मी दोन्ही एकाच दिवशी केलं असावं.

जुन्नरच्या तहसील कचेरीत एकतीस वर्षं खिडकीमागे बसलो. अव्वल कारकून शामकांतभाऊ म्हटलं की अर्जदार आधी कागद सरळ करायचे आणि मग शर्टाची कॉलर. कागदातलं मला कळतं, असा माझा समज. त्याच समजापायी एका शनिवारी सकाळी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मी सिंगापुरात बिशानहून सीमेजवळच्या वुडलंड्सला जाणाऱ्या एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसलो होतो. कशाला? तर मलेशियाच्या जमिनीला पाय लावून परत यायला.

कारण घरात होतं. मुलगी मधुरा सातव्या महिन्यात, डॉक्टरांनी बिछान्यातून उठायचं नाही म्हणून बजावलेलं. जावई सारंग बोटीवर सेकंड इंजिनिअर. तो सात तारखेला उतरणार होता, पण त्याच्या जागी येणारा माणूस आजारी पडला आणि उतरणं वीस तारखेवर गेलं. आमच्या सुलभाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून या खेपेला आईऐवजी बाप आलेला. सहा वर्षांच्या ऋचाला शाळेत पोचवणं, आणणं, कपडे, आणि सुलभाकडून व्हिडिओ कॉलवर शिकलेला वरणभात, सगळं माझ्याकडे. माझा मुक्काम तीस दिवसांचा, नऊ तारखेला संपणारा. मी गेलो की मधुरा उठणार, आणि तिने उठायचं नव्हतं.

दहा दिवसांपूर्वीच ती म्हणाली होती, "बाबा, मुदतवाढीचा ऑनलाइन अर्ज करून टाकते."

"तू पडून राहा," मी म्हटलं. "कागदपत्रं हा माझा प्रांत आहे."

पासपोर्ट उघडला, पान न् पान चाळलं. सिंगापूरचा शिक्काच नाही! मी तिथल्या तिथे निकाल दिला. शिक्का नाही म्हणजे तारीख नाही, आणि तारीख नाही म्हणजे मुदत सुरूच झाली नाही. वर मधुराला ऐकवलं, की बघ, इतकी मोठी यंत्रणा आणि शिक्का मारायला विसरले.

शुक्रवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा प्रबोध आला. पुण्याचा मुलगा, आयटीतला. त्याने माझ्या फोनवर ईमेल उघडला. पेन्शनच्या आणि बँकेच्या पत्रांखाली महिनाभर न वाचलेलं इथल्या इमिग्रेशनचं एक पत्र पडलं होतं. त्यातच माझी मुदत होती. शिक्के इथे कधीच बंद झाले, सगळं मेलवर येतं म्हणे. रविवार शेवटचा दिवस.

"काका, आता अर्ज केला तरी उत्तर वेळेत यायचं नाही."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! मधुराने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मार्ग प्रबोधनेच सुचवला. "व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे. उद्या पुलापलीकडे मलेशियात, जोहोर बाहरूला जा आणि परत या, नवीन दिवस मिळतील. हमी मात्र नाही, परत आत घेणं न घेणं इथल्या अधिकाऱ्यांच्या हातात. विचारलं तर टूरिझम म्हणा. आणि काहीतरी खरेदी करा, हातात पिशवी दिसू दे."

"आणि नाहीच घेतलं तर?"

"तर तिकडूनच मुंबई, काका."

रात्रभर मी फाईल लावली. मधुराच्या डॉक्टरांची चिठ्ठी, सारंगच्या कंपनीचं पत्र, माझं परतीचं तिकीट. प्रत्येक झेरॉक्सवर 'खरी प्रत' लिहून स्वतः सही ठोकली. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण हात वळवळतो त्याला कोण काय करणार?

वुडलंड्सहून बस धरा, सीमेवर उतरा, तपासणी, पुन्हा बस, पूल ओलांडा, पुन्हा उतरा. मलेशियाच्या माणसाने पासपोर्टात ठसठशीत शिक्का मारला, तारखेसकट. इतका आनंद झाला मला! बाहेरच्या मॉलमध्ये अडीच तास हिंडलो, एक गोड चहा प्यायलो, आणि खरेदी म्हणून चहाची गाळणी घेतली. परदेशी पर्यटकाने नेमकं काय घ्यावं, याचा अनुभव नव्हता.

परत येताना सिंगापूरच्या यंत्रात पासपोर्ट ठेवला. यंत्राने दार उघडलं नाही, खिडकीकडे जायला सांगितलं. खिडकीत मधुराहून लहान दिसणारी एक मुलगी, गणवेशातली. बोलणं इंग्रजीत झालं, पण माझ्या इंग्रजीची अब्रू झाकायची म्हणून मराठीत सांगतो.

"अंकल, मलेशियात किती वेळ होता?"

"अडीच तास."

"कशासाठी?"

"टूरिझम," मी म्हटलं, आणि पुरावा म्हणून गाळणी वर धरली.

तिने गाळणीकडे बघितलं. मग माझ्याकडे. ही नजर मला ओळखीची होती, एकतीस वर्षं माझीच होती. पाठांतर करून आलेला अर्जदार मी शर्टाच्या रंगावरून ओळखायचो.

"खोटं बोललो," मी म्हटलं. "मुलगी गरोदर आहे, उठायची बंदी आहे. जावई वीसला येतोय. तो आला की मी जातो. हे कागद."

तिने फाईल उघडली. एकेक कागद वाचला, खरंच वाचला. शेवटच्या कागदावर बोट ठेवलं.

"अंकल, तुमचं तिकीट उद्याचं आहे."

मी पाहिलं. नऊ तारीख! जुनंच तिकीट. सगळ्या गोंधळात ते बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि मी त्यावर 'खरी प्रत' लिहून झोकदार सही केली होती. वीसला जातो म्हणणाऱ्या माणसाचा स्वतःच्या सहीचा पुरावा, की तो उद्या जातोय.

"बाजूच्या बाकावर बसा," ती म्हणाली आणि फाईल घेऊन आत गेली.

बसलो. माझ्या कचेरीत याचा अर्थ एकच होता, आज काम होणार नाही. आणि मला एक बाई आठवली, आळेफाट्याकडची. मुलीच्या वसतिगृहासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, तलाठ्याची सही राहिली होती. तलाठी समोरच्या टपरीवर चहा पीत होता, माझ्या खिडकीतून दिसत होता. "उद्या या," मी म्हटलं. "साहेब, आजच शेवटचा दिवस आहे," ती म्हणाली. मी भिंतीवरच्या वेळेच्या पाटीकडे बोट केलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. एक अर्ज कमी झाला म्हणून मला बरंच वाटलं होतं.

खिडकीतली मुलगी परत आली. मी उठून उभा राहिलो, हात जोडलेले मला नंतर कळले.

"मुलीला फोन करा," ती म्हणाली. "तिकीट आत्ता बदलून घ्या. मी थांबते."

मी थांबते! मधुराने पडल्यापडल्या फोनवरून तिकीट बदललं. वीस मिनिटं लागली. तेवढ्यात खिडकीतल्या मुलीने मला दोनदा विचारलं, पाणी हवं का.

"एकवीस तारखेचं तिकीट झालं," मी फोन दाखवला.

"एकवीसपर्यंत राहा. यापुढे असं यायचं नाही, अंकल. वेळेत अर्ज करा."

"होय मॅडम," मी म्हटलं, आणि मेला स्वभाव जाईना, विचारलं, "शिक्का?"

"शिक्का नाही. ईमेल बघा."

घरी पोचलो तेव्हा ऋचा दारातच. "आजोबा, गॉट चॉप ऑर नॉट?" इथे शिक्क्याला चॉप म्हणतात.

"नाही मिळाला. पण बारा दिवस मिळाले."

"नो चॉप ऑल्सो कॅन, ला," शिक्का नसला तरी चालतं, असं इथल्या इंग्रजीत सांगून ती गाळणी घेऊन पळाली.

मधुराला सगळं सांगितलं. गाळणीपाशी ती इतकी हसली, की मीच म्हटलं, अगं हळू. मग डोळे पुसत म्हणाली, "बाबा, तिच्या जागी तुम्ही असता तर?"

"उद्या या म्हटलं असतं."

ती हसायची थांबली. मी तिला ती आळेफाट्याची बाई सांगितली. पाटी सांगितली, टपरीवरचा तलाठी सांगितला. मधुरा पोटावर हात ठेवून ऐकत होती. मला लाज वाटत होती, पण आता सुरू केलंच होतं.

"काय नाव होतं हो त्या बाईच्या मुलीचं?" तिने विचारलं.

अर्ज माझ्या हातात होता, चांगली पाच मिनिटं. नाव वरतीच असणार, पहिल्या ओळीत.

"मी वाचलं नव्हतं," मी म्हटलं. "मी फक्त सहीची जागा बघितली."