गेलेले आटे

"ईश्वरप्पा, तुम्हीच सांगा, हे कशानं झालं?" प्राचार्यांनी विचारलं. उत्तर मला चांगलं माहीत होतं, तरी मी यंत्राखाली वाकून ते शोधल्याचं सोंग केलं.

कॉलेजच्या मैदानावर ते गवत कापायचं, बसून चालवायचं यंत्र एका अंगाला कलंडलं होतं. चालता चालता पात्याची बैठक बोल्टांसकट निखळली होती. शेजारी दगडोबा उभा होता. सहा वर्षं हे यंत्र तोच चालवतो, कंत्राटावर. नशीब, पातं मातीत रुतलं, नाहीतर त्याचा पाय गेला असता.

आता खरं सांगतो. तीन दिवसांपूर्वी ती बैठक मीच बसवली होती. औसा रोडला माझं दुकान आहे. तीस वर्षं ट्रॅक्टर आणि पंप उघडण्यात गेली. आमच्यात बोल्टाला शेवटचा पीळ पान्याला पाइप लावून, अंगाचं वजन टाकून द्यायचा; त्याशिवाय मिस्तरीला कुणी मिस्तरी म्हणत नाही. पण ही बैठक ॲल्युमिनियमची, मऊ. जोर दिला आणि पाना लोण्यात फिरावा तसा फिरला. बोल्ट धरणारे आतले आटे गेले. शहाणा असतो तर तिथंच थांबलो असतो. मी दुसऱ्या बोल्टाचेही घालवले.

तेव्हाच "चुकलं माझं" म्हणायचं होतं. पण दगडोबा चहा घेऊन आला होता आणि मिस्तरींनी हात लावला मंजी बगायचं काम न्हाई, असं माळ्याला सांगत होता. मी बोल्टांना टेप गुंडाळला, दाबून बसवले, वरून ग्रीस फासलं आणि तो चहा प्यालो.

"दगडावर घातलं असंल, सर," मी प्राचार्यांना म्हणालो. "हादऱ्यानं आटे गेलेत."

जीभ झडली नाही माझी. दगडोबानं माझ्याकडं पाहिलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"मिस्तरी म्हनतेत मंजी घातलं असंल, सर," तो म्हणाला. "माज्या ध्यानात न्हाई."

प्राचार्यांनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं आणि ते ऑफिसात गेले.

मी कामाला लागलो. टेपाचे तुकडे आधी नालीत टाकले, हेही सांगतो. भोकं थोडी वाढवली, नवे आटे पाडले, त्यांत बोल्ट धरायला स्टीलच्या तारेची वेटोळी बसवली. या वेळी बोल्ट नुसत्या मनगटानं आवळले. एवढा वेळ बैठक धरून कोण बसलं होतं? दगडोबाच. नोकरी गेली तरी उठला नाही. पोरीचं, पुनमचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय, एवढंच एकदा बोलला, तेही मला नाही, स्वतःशीच. मी हात पुसले आणि तडक ऑफिसात गेलो.

"सर, दगड-बिगड काही नव्हता. आटे मी घालवले आणि झाकून ठेवलं."

प्राचार्यांनी मला खुर्ची दिली. दुसऱ्यासाठी स्वतःवर आळ घेणारी माणसं आता राहिली नाहीत, म्हणाले. मी पाइपापासून टेपापर्यंत सगळं पुन्हा सांगितलं. ते हसतच होते. तीस वर्षांचा मिस्तरी असलं पोरकट काम करील होय, असं त्यांनी मलाच विचारलं.

"तुमच्या शब्दाखातर ठेवतो त्याला," ते म्हणाले. "पण खोटं बोलणं तुम्हाला जमत नाही हं, ईश्वरप्पा."

शिपायानं माझ्या आधी बाहेर बातमी पोचवली होती. दगडोबा पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले, त्याला दंडाला धरून उठवलं आणि सांगितलं, "दगडोबा, आरं चूक माजीच हाय. तुजी न्हाई."

"हाव, हाव," तो डोळे पुसत म्हणाला. "पुढं जपून चालवतो, मिस्तरी."

फाटकापाशी गाडी सुरू करताना मागं पाहिलं. यंत्र मैदानात निघालं होतं. दर दहा पावलांवर दगडोबा ते थांबवायचा, खाली उतरायचा आणि गवतातले खडे वेचून खिशात घालायचा.