हरणांचे पेरू

शेवटच्या पेरूच्या झाडाभोवतीची जाळी पकडीने सोडवताना म्हाताऱ्याचं बोट कापलं. रक्त त्याने सदऱ्याला पुसलं, जाळी गुंडाळून बाजूला टाकली आणि तिथेच बसकण मारली. चाळीसही झाडं आता उघडी झाली होती. खाली पिकल्या पेरूंचा सडा पडला होता आणि त्यांना तोंड लावायला एकही हरीण नव्हतं.

हा उतार एके काळी गच्च झाडीचा. त्यातली निम्मी झाडं त्याच्याच लाकडाच्या वखारीसाठी आडवी झाली. वखार बंद केल्यावर त्याला उपरती झाली, आणि पळालेली हरणं परत यावीत म्हणून त्याने पेरू लावले. पण हरणं पडली उतावळी. रोपांना चार पानं फुटली की फस्त. मग जाळ्या आल्या. जाळ्याही पुरेनात, तेव्हा रोज पहाटे पत्र्याचा डबा बडवणं आलं. हरणांसाठी लावलेली बाग हरणांपासूनच राखण्यात पाच वर्षं गेली आणि त्याचे गुडघे कामातून गेले. बायको आधी हसायची. पुढे तीही मुकाट्याने पाण्याच्या कळश्या वाहू लागली.

झाडं फळांवर आल्यापासून महिनाभर तो पहाटे खडकाआड श्वास रोखून बसत होता. डोळे आहेत तोवर एका तरी हरणाला आपला पेरू खाताना पाहायचं, एवढीच त्याची इच्छा होती. हरणं वरच्या झाडीच्या कडेपर्यंत येत, कान टवकारत आणि माघारी फिरत. जाळ्यांना बुजत असतील, म्हणून आज त्याही काढल्या.

घरी येऊन त्याने हे सगळं सांगितलं, तेव्हा बायको भाजी निवडत होती.

"एक बोलू? रागावू नका."

"बोल."

"तुम्ही तिथे असता, म्हणून ती येत नाहीत."

त्याला ते फार लागलं. खरं होतं, म्हणूनच लागलं. पाच वर्षं ज्याने हाकललं, त्याचा वास ती कशी विसरतील?

दुसऱ्या दिवशी जाग आली तरी तो उठला नाही. पाय सवयीने चपला शोधू लागले, ते त्याने पांघरुणात ओढून घेतले. तिसऱ्या दिवशीही तेच. काही न करता पडून राहण्याचा इतका शीण येतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

नवव्या दिवशी बायको उतारावरून आली ती दारातच थांबली.

"आलीत. पाच आहेत. मला बघून जरा थबकली, मग पुन्हा खायला लागली."

तो उठून बसला. कुठलं झाड, पेरू पडलेले खातात की वरचे ओढतात, सगळं त्याने खोदून खोदून विचारलं. तिने सगळं सांगितलं आणि उद्या बरोबर यायचा आग्रह धरला. लांबून, माझ्या आडून बघा, म्हणाली.

"नको," तो म्हणाला. "खाऊ दे त्यांना."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पाडस आहे का त्यांत?"

"आहे ना. एवढंसं."

तिने गुडघ्याच्या जरा वर हात आडवा धरला. म्हातारा तिच्या तळव्याखालच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला, आणि तिनेही बराच वेळ हात तसाच धरून ठेवला.