हिरवी मूठ

गवत वाळवायला यंत्र लागतं, हे ऐकून चंद्राबाईला आधी हसूच आलं होतं. ऊन काय मेलंय का, असं तिनं कामावरच्या पहिल्याच दिवशी मुकादमाला विचारलं. पण कुंडलच्या खालच्या अंगाला एका कंपनीनं जो अफाट फार्म घातला होता, तिथं उन्हाची वाट बघायला कुणाला सवड नव्हती. पाऊस सरतोय न सरतोय तोवर यंत्रानं गवत कापायचं, अर्धवट सुकलं की यंत्रानंच त्याचे चौकोनी गठ्ठे बांधायचे आणि दमट असतानाच पत्र्याच्या शेडात आणून रचायचे. शेडाच्या पोटात विटांचा बोगदा होता, वर लाकडी पट्ट्यांची जाळी, आणि बोगद्याच्या तोंडाशी गाडीच्या चाकाहून मोठा पंखा. इंजिन सुरू झालं की पंखा गरम वारा बोगद्यात कोंबायचा आणि तो वारा खालून वर, गठ्ठ्यागठ्ठ्यातून वाट काढत निघायचा. वर उभं राहिलं तर लुगडं फुगायचं, म्हणून बायका तिकडं फिरकत नसत.

पंखा जालिंदरच्या ताब्यात होता. पुण्याला इंजिनांच्या कारखान्यात चार वर्षं काढून आलेला, अबोल माणूस. गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालायचा, बाहेर काढून नाकाशी न्यायचा आणि मान हलवली की ते गवत वाळलं. मग बायका गठ्ठे उतरवून गोदामात नेत. चढउतारात काही गठ्ठ्यांची सुतळी सैल व्हायची. असे ढिले गठ्ठे चंद्राबाईसमोर यायचे. शेडाच्या दाराशी बसून, दाभण नि सुतळी घेऊन, ते पुन्हा आवळून बांधायचे हे तिचं काम. गुडघे गेले होते, तेव्हा बैठं काम मिळालं हे तिचं नशीबच.

मुकादम लालासाहेब हा गोड तोंडाचा माणूस. बायकांवर कधी ओरडायचा नाही. ओरडण्यापेक्षा प्रत्येकीला जे ऐकायला हवं ते सांगितलं की काम दुप्पट होतं, हे त्याला पक्कं कळलं होतं. रंगुबाईला तो म्हणायचा की तिच्याएवढा झपाटा साऱ्या तालुक्यात कुणाचा नाही. चंद्राबाईला काय सांगावं हे त्याला फार शोधावं लागलं नाही. तिचा एकुलता एक पोरगा अर्जुना लष्करात होता.

"ह्ये गवत कुटं जातंय ठावं हाय का तुला?" एका सकाळी तो म्हणाला. "मिलट्रीत. तुझ्या अर्जुनाचं खेचर ह्येच खातंय."

"काय सांगता, लालासाब?"

"यमाईची आन."

एवढं बोलून तो पुढच्या बाईकडं गेला. देवीची शपथ त्याच्या तोंडात पानासारखी असायची. चघळायची नि थुंकायची. पण चंद्राबाई औंधच्या यमाईला मानणारी. तिच्यालेखी विषय तिथंच मिटला.

अर्जुना बंदूक मागायला म्हणून गेला आणि हातात लगाम घेऊन बसला, असं गाव त्याच्यावर हसायचं. त्याला खेचरांच्या तुकडीत घातलं होतं. तोफेचे सुटे भाग आणि दाणागोटा खेचरांच्या पाठीवर घालून डोंगर चढायचे. त्याच्या खेचराला लष्करानं नंबर दिला होता. यानं त्याला घरच्या म्हाताऱ्या बैलाचं नाव दिलं, हौशा. उन्हाळ्यात रजेवर आला तेव्हा पोरगा रोज जेवताना हौशाचं पुराण लावायचा. हौशा पुढं असला की मागं दरीकडं बघायचं नाही, त्याच्या पायावर पाय टाकत जायचं.

"पर वर हिरवं पान म्हनून दिसत न्हाई, आये," तो म्हणाला होता. "नुस्तं वाळलं खाऊन जनावर इटतंय."

हे वाक्य तिच्या मनात राहून गेलं होतं. लालासाहेबानं वर शपथ घेतली आणि चंद्राबाईला काय करायचं ते सुचलं. तिचं माहेर वडूजकडचं, कोरड्या मुलखातलं. तिथं पाहुण्याच्या बैलांपुढं कडबा टाकताना मधोमध एक मूठ हिरवं दडवायची रीत होती. बैलानं कडबा चघळत चघळत तिथवर यायचं आणि मग त्याला कळायचं की या घरानं आपली आठवण ठेवली. तिचा बाप स्वतः दुपारचं उपाशी राहायचा, पण पाहुण्याच्या बैलाची हिरवी मूठ चुकवायचा नाही.

शेडाच्या पलीकडं बांधाला लागून हिरव्या लसूणघासाचा तुकडा होता. ती कामावर येताना ओच्यात घास भरून आणू लागली. ढिला गठ्ठा समोर आला की मध्यापर्यंत हात घालायचा, पोकळी करायची, मूठभर घास आत दाबायचा आणि वरून सुतळी करकचून आवळायची. "हौशाला रं," असं पुटपुटायचं. एवढ्या फौजेच्या एवढ्या खेचरांत तो गठ्ठा नेमका हौशाच्या पुढ्यात कसा पडायचा, हा प्रश्न तिला पडला नाही. बायका बघून हसल्या. रंगुबाईनं तर तिला विचारलं की हौशाला चटणी-भाकरी का बांधून देत नाहीस. चंद्राबाईही हसली आणि तिनं पुढचा गठ्ठा ओढला.

दसऱ्याच्या आधी पहिला माल गेला. गठ्ठ्यांनी भरलेले ट्रक स्टेशनाकडं निघाले तेव्हा ती दुखऱ्या गुडघ्यांनी फाटकापर्यंत चालत गेली, आणि धुरळा खाली बसेपर्यंत उभी राहिली. त्या दिवशी ती फार खुशीत होती.

मग दसरा झाला आणि चीनची लढाई लागली. चावडीवरच्या रेडिओपुढं माणसं दाटू लागली. रेडिओ ज्या गावांची नावं घ्यायचा ती गावातल्या कुणाला नीट म्हणताही यायची नाहीत, मग ती कुठं आहेत हे कोण सांगणार? आपले जवान मागं हटताहेत एवढं मात्र कळायचं. अर्जुनाचं पत्र थांबलं. चंद्राबाई रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी राहायची आणि रोज तो लांबूनच हात हलवायचा. आईनं अशा वेळी काय करावं? तिला ना बंदूक धरता येत होती ना नकाशा कळत होता. तिच्या हातात एकच गोष्ट होती, ती तिनं वाढवली. गठ्ठ्यात एक मूठ जात होती तिथं दोन जाऊ लागल्या. ढिला नसलेला गठ्ठाही ती दाभणानं सैल करू लागली. दिवाळीत बायका घरी बसल्या तरी ही शेडात होती.

दिवाळीनंतर दुसरा माल तपासायला पुण्याच्या लष्करी डेपोतून एक सुभेदार आले. बोलण्यावरून आपल्याच मुलखातले, खटावकडचे. मॅनेजरसाहेब त्यांना गोदाम दाखवत पुढं, मागं लालासाहेब, त्याच्या मागं जालिंदर, आणि दाराशी बायकांची दाटी. सुभेदारांनी थराच्या मधला एक गठ्ठा ओढायला लावला आणि सुतळी कापली.

गठ्ठा उकलला तसा राखेसारखा धुरळा उठला आणि कुबट वास सुटला. वरचं गवत सोनेरी, करकरीत. मधला भाग मात्र काळा-पांढरा, चिकट, एकमेकांत गच्च बसलेला. सुभेदारांनी हात लावला नि झटकन काढला. ते गरम होतं. दुसरा गठ्ठा चांगला निघाला. तिसरा नासका. मग दोन चांगले, पुन्हा एक नासका.

"न्हाई चालायचं," सुभेदार म्हणाले. "सगळा माल नापास."

मॅनेजर जालिंदरवर उलटले. तेल वाचवायला पंखा बंद ठेवलास, नाहीतर झोपा काढल्यास, असं बरंच काही बोलले. जालिंदर त्या काळ्या गवताकडं बघत राहिला. "साहेब, वाळलं व्हतं," एवढंच तो म्हणाला, आणि आपल्या हातावरचाच त्याचा विश्वास उडाल्यासारखा तो हात त्यानं पाठीमागं धरला.

चंद्राबाई बायकांतून पुढं आली. "त्येला बोलू नगा, साहेब. हिरवं म्या घातलंय."

तिनं सगळं सांगितलं. माहेरची रीत, ओच्यातला घास, हौशा. मॅनेजरना वाटलं की ही जालिंदरला वाचवतेय. एका बाईच्या मुठीनं कुठं कोठार नासतं का, असं ते म्हणाले. पण सुभेदारांनी त्या चिकट गोळ्यात बोटं घातली आणि घासाच्या काड्या बाहेर काढल्या. मुठीत धरल्यासारख्या एकाच बाजूला वळलेल्या. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. समजूत काढावी तसं सांगू लागले.

"मावशी, हिरवं मोकळं असंल तवर चांगलं. दाबून कोंडलं की त्येचं इख हुतंय. बैल एखादवेळ पचवंल. खेचराला लय वंगाळ. प्वाट धरतंय, खाली बसतंय. मग काय केल्या उठत न्हाई."

चंद्राबाईच्या डोळ्यांपुढं डोंगराची वाट आली. तिनं ती कधी बघितली नव्हती, पण अर्जुनानं इतकी सांगितली होती की तिला पाठ झाली होती. पुढं हौशा, मागं पोरगा, खाली दरी. आणि मधेच हौशा खाली बसला.

"आन् आदीचं?" ती म्हणाली. "दसऱ्याआदी गेलं त्ये?"

"त्ये पुढं गेलं असंल."

"पुढं कुटं?"

"त्ये सांगता येत न्हाई, मावशी. आमालाबी कळत न्हाई. पुण्यातच ऱ्हायलं असंल, न्हाईतर वर गेलं असंल."

"तार करता येती का?"

तार करायची कुणाला? हौशा हे नाव लष्कराच्या कुठल्या दफ्तरात नव्हतं. अर्जुनाच्या पत्त्यात नुसते आकडे होते आणि त्या आकड्यांवर गेलेल्या तिच्या पत्रांचीच उत्तरं येत नव्हती. मॅनेजरांनी टोपी काढून पुन्हा घातली. सुभेदार "कळवतो" म्हणाले. पण कुणाला कळवणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. तो शब्द कशासाठी असतो हे तिला ठाऊक होतं.

तेव्हा लालासाहेब पुढं झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं तोंड कोरडं पडलं होतं. "आक्का, आगं म्या गमतीनं म्हनलं हुतं. हितलं गवत लढाईवर कशाला जाईल? पुण्यातल्या घोड्यांस्नी जातंय. अर्जुनाच्या खेचराचा नि ह्येचा काय बी संबंध न्हाई."

चंद्राबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "खरं म्हंता?"

"यमाईची आन."

मग तिचा चेहरा उतरला तो उतरलाच. शपथ तीच होती, तोंड तेच होतं. "तवाबी हीच घेतली हुती, लालासाब," ती हळू म्हणाली. "मग कंची खोटी?"

लालासाहेब खरं बोलत होता, निदान त्याला तरी तसं वाटत होतं. पण आपलं खरं कुणाला पटवायचं कसं, हे त्याला आयुष्यात कधी शिकावं लागलं नव्हतं. तो बाजूला जाऊन उगाच सुतळीचे तुकडे गोळा करत बसला.

चंद्राबाईला कामावरून काढलं नाही. पोरगा लढाईवर असलेल्या बाईला कोण काढणार? शिवीही कुणी दिली नाही. त्या दिवसांत तिला कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बसायला जागा मिळाल्यासारखी झाली असती. सगळे तिच्याशी जपून बोलायचे. रंगुबाईनं हौशाचं नाव काढणं सोडलं. पत्र येत नव्हतं. लढाई थांबली असं रेडिओनं सांगितलं, तरी पत्र आलं नाही.

नासका माल खताच्या खड्ड्यात टाकायचा हुकूम झाला. बायका गठ्ठे ओढून अंगणात आणू लागल्या. दुपारी जालिंदर इंजिनाजवळ आला तो थबकला. चंद्राबाई एकटीच ते नासके गठ्ठे शेडात आणत होती आणि बोगद्यावरच्या जाळीवर रचत होती. गुडघ्यांनी साथ सोडली होती, तशी ती गठ्ठा पोटाशी धरून बसूनच पुढं सरकत होती.

"आक्का, ह्ये काय चालवलंय?"

"पंखा लाव."

"ह्यो माल गेला, आक्का."

"दमट झालाय नव्हं? मग वाळंल की. लाव तू."

"वाळंल. पर बुरशी वाळली म्हंजी जाती व्हय?"

तिनं आणखी एक गठ्ठा आणून ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली. जालिंदरनं मॅनेजरच्या खोलीकडं पाहिलं. तेलाचा जाब द्यावा लागणार हे त्याला माहीत होतं. त्यानं हँडल मारलं. इंजिन धडधडलं, पंख्यानं वारा घेतला आणि बोगद्यातून गरम झोत वर आला. गठ्ठ्यांच्या फटींतून करडी धूळ निघून पत्र्यापर्यंत चढली. चंद्राबाई खोकली, पण उठली नाही. जालिंदर करायचा तसा तिनं कोपरापर्यंत हात एका गठ्ठ्यात घातला आणि तसाच ठेवला.

किती वेळ गेला कोण जाणे. जालिंदर वर चढून तिच्याजवळ आला. त्यानंही हात घातला, बाहेर काढला, सवयीनं नाकाशी नेला.

"वाळलं का रं?"

"वाळलं, आक्का."

ते खरंच होतं. गवत वाळलं होतं आणि नासलेलं होतं. चंद्राबाईनं मान डोलावली. मग तिनं शेडाच्या उघड्या दारातून फाटकाकडं पाहिलं, जिथून ट्रक गेले होते.

"आन् आदीचं?"

इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही असं जालिंदरनं दाखवलं. तो खाली उतरला. आता इंजिन बंद करायला हवं होतं, तेल फुकट जळत होतं. पण बंद केलं तर ती पुन्हा विचारील आणि मग ते ऐकावंच लागेल, म्हणून तो हँडलपाशी नुसता उभा राहिला.