टोपलीखालचं पीठ

सोनूबाईला नवरा परत हवा होता. तोही असातसा नाही, नातू होऊन. सून मृणाली सातव्या महिन्यात, आणि हिरामण जाऊन दहा दिवस झालेले. एवढा हिशेब जुळत असताना माणूस दुसऱ्या कुणाच्या घरी कशाला जाईल? बाळाचं नावही तिनं ठरवून टाकलं होतं, हिरामण. मुलगी झाली तर काय, हा विचार ती करतच नव्हती.

अडचण एकच होती. खुद्द हिरामणला परत यायचं नव्हतं. पेणजवळच्या खाडीकाठी चाळीस वर्षं मिठागरात राबून त्याच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. सोनूबाई त्यांना कोकमतेल लावायची तेव्हा तो म्हणायचा, "सोनू, यक जन्म बस झाला. आता पुना न्हाय यायचं."

"मंग मी काय करू?" ती टाचेला चिमटा काढून विचारायची.

तो नुसता हसायचा. मेल्यानं शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही, आणि तेच तिच्या जिवाला लागून राहिलं होतं.

तर दहाव्याची संध्याकाळ. माणसानं जिथं शेवटचा श्वास सोडला तिथं त्यांच्याकडे तांदळाचं पीठ पसरतात, मधोमध पणती लावतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी पिठात जो ठसा दिसेल तो त्या माणसाचा पुढचा जन्म. पाखराचा पाय, गाईचा खूर, नशीब असेल तर बाळाचं पाऊल. काहीच उमटलं नाही तर माणूस कायमचा सुटला. पण कोरं पीठ गावात कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण उंदीर आणि मुंग्या पिठाला सोडतात कुठं! ठसे वाचायचं काम शेजारच्या गोदूबाईचं. तिनं एकदा एका सावकार म्हाताऱ्याला घुशीचा जन्म देऊन टाकला, तेव्हापासून त्या घरचे तिला हळदीकुंकवालाही बोलावत नाहीत.

पीठ सोनूबाईनं स्वतः पसरलं. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कुणाला हात लावू देईल तर शपथ. वरच्या फळीवरचा डबा काढला, चाळणीनं भुरभुरलं, पणतीत रात्रभर पुरेल एवढं तेल ओतलं. टोपली ठेवताना ती पुटपुटली, "हितेशच्या बापसा, यवढं आयक माजं. बारकं पाऊल दाव."

सकाळी उजाडता उजाडता गोदूबाई हजर. श्रावण होता, हवा भिजलेल्या गोधडीसारखी जड. मुलगा हितेश, बंदरावर ट्रेलर चालवणारा, भिंतीला टेकून उभा होता. मृणालीला गोदूबाईनं उंबऱ्यातच थांबवलं, "पोटुशीनं जवल येऊ नये, बाय."

सोनूबाईनं टोपली उचलली.

ठसा नव्हता. कोरं पीठही नव्हतं. पीठच नव्हतं! काळ्या कोब्यावर पाणी पसरलं होतं, काचेसारखं स्वच्छ. मधे पणती अजून तेवत होती आणि तिची ज्योत खालच्या पाण्यात हलत होती.

गोदूबाईचं तोंड उघडं ते उघडंच. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाचायला काही सापडेना. हितेशनं छताकडे पाहिलं, स्लॅब कोरडा. आजूबाजूची जमीन कोरडी, टोपलीही कोरडी.

सोनूबाई खाली बसली. बोट बुडवून तिनं जिभेला लावलं.

"खारट!" तिच्या तोंडून निघालं.

दहा दिवस सुतकाचं अळणी खाल्लेली जीभ ती. त्या चवीनं तिच्या टाळूपासून तळव्यापर्यंत शिरशिरी गेली.

उंबऱ्यातून मृणाली रडवेल्या आवाजात म्हणाली, "आई, माझंच चुकलं. सुतकात सवयीनं मिठाला हात जाऊ नये म्हणून मी तो डबा वर ठेवला. पिठाचा खाली घेतला. दोन्ही डबे सारखेच..."

घरच्याच आगरातलं ते मीठ, जात्यावर बारीक दळलेलं. आणि चाळीस वर्षं मिठाच्या पाट्या भरून सोनूबाईच्या बोटांना मऊ काय नि खरखरीत काय, कळेनासं झालेलं.

हितेशनं सुटकेचा श्वास टाकला. "मग बरोबर हाय. मीठ ह्या हवेत पाझरनारच. आये, आज पुना करू, पिठाचं."

मीठ पाझरतं हे ह्याच्याकडून शिकायचं होतं होय तिनं? दर आषाढात खाडी आगरात शिरायची. बांध, वाफे, सगळं पाण्याखाली. एका वर्षी उरलेला अख्खा ढीग विरघळला तेव्हा ती बांधावर कपाळ बडवत बसली होती, "गेला रं, सगला गेला!" हिरामण गुडघाभर पाण्यात उतरला, ओंजळ भरून आणली, तिच्या ओठांना लावली.

"कुटं गेला? चाख."

तेव्हा तिनं रागानं थुंकून टाकलं होतं. आज त्या चवीवर तिनं ओठ मिटून घेतले. मंग मी काय करू, असं तिनं एवढी वर्षं विचारलं होतं. त्यानं तर त्या बांधावर कधीच सांगून ठेवलं होतं, चाख.

"पुना न्हाय पसरायचं," ती म्हणाली.

"पन आये, ठसा..."

"ज्याला पाय असंल त्याचा ठसा. तुजा बापूस सुटला रं."

आणि दहा दिवस कोरडी राहिलेली ती बाई हंबरडा फोडून रडली. गोदूबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळानं सोनूबाई उठली, मृणालीला जवळ बोलावलं, आणि ओला तळवा तिच्या पोटावर ठेवला. आत काहीतरी ढुशी मारून गेलं.

"ह्याला हिरामण नाव नको देऊस," ती म्हणाली. "पोरगी असली तरी येऊ दे. कोन हाय ते ज्याचं त्यानं येऊन सांगावं."

मग पदरानं नाक पुसलं आणि सुनेला म्हणाली, "मिठाचा डबा खाली घे. आज जेवनात मीठ घाल."